चंद्रकलाच्या घरचं गूळपाणी

"बाई, माणूस तोंडावर खोटं बोलत असेल तर काय करायचं?"

शर्वरी तणतणतच आत आली होती. कॉलेजची सुट्टी ती बार्शीत इंटर्नशिपमध्ये घालवत होती. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांना पोटभर जेवायला मिळतं का, हे घरोघरी विचारायचं काम. शिकवणाऱ्या होत्या डॉक्टर इंदुमती सबनीस, बोलण्यात भारी काटकसरी.

"कोण बोललं खोटं?"

"चंद्रकलाताई. कितीदा गेले! दर वेळी 'समदं बरं हाय'. चूल बघावी तर थंडगार. बाई, त्यांच्या गोळ्या चुकतायत. असंच चाललं तर जिवावर बेतेल. उपास पडतात एवढं म्हणाल्या तरी आपल्याकडून शिधा सुरू होईल. पण नाही!"

"तू कशी वागलीस?"

"अगदी नियमानं. त्यांच्या घरी पाण्याचा थेंबही घेतला नाही. गरिबाघरी भार कशाला?"

बाई उठून चपला घालू लागल्या.

चंद्रकलाचं घर पत्र्याचं, पण लख्ख सारवलेलं. उन्हातून आलेल्यांपुढे तिनं गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. शर्वरीनं सवयीनं हात जोडले, "नको हं, ताई."

बाईंनी खडा तोंडात टाकला. भांडं घटाघटा रिकामं केलं आणि पुढे धरलं.

"अजून दे गं. गोड आहे तुझ्या घरचं पाणी."

शर्वरीची नजर गुळाच्या डब्याकडे गेली. पाण्यासोबत पुन्हा द्यायला त्यात खडा तरी उरला असेल का?

चंद्रकला तांब्या धरून तशीच उभी राहिली...

"माझी सख्खी भन बी हितलं पानी पित न्हाई, बाई."

मग तिनं बसकण मारली आणि आपणहून बोलू लागली. "परवापासनं चूल पेटली न्हाई. रिकाम्या पोटी गोळी घेतली की गरगरतंय, म्हून ठिवून देती..."

शर्वरीची मान वर होईना. परतताना निम्मी वाट संपल्यावर ती म्हणाली,

"बाई, मला वाटलं मी त्यांच्या घरचं वाचवतेय..."

"हं."

"आता शिधा मिळेल ना त्यांना?"

"उद्या सकाळी."

शर्वरीचे डोळे भरून आले. चुकीबद्दल बाई एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. तिनं भर रस्त्यात वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"तुमचे उपकार कसे फेडू, बाई?"

बाईंनी तिच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं.

"तहान लागलीय?"

"हो... खूप."

"मग मागं फिर."