टिंबी कोळंबीचं पान

एक होती काचेची पेटी. पेटीत पाणी, पाण्यात वाळू, वाळूत झाड. झाडाला एकच पान. आणि पानाखाली कोण? टिंबी कोळंबी!

टिंबी एवढीशी, तांदळाच्या दाण्याएवढी. दहा पाय, दोन मिशा. राग मात्र हा एवढा मोठा!

पेटी होती दामूकाका शिंप्यांच्या दुकानात, शिलाई मशीनच्या शेजारी. मशीन करायचं खडखड खडखड. पाणी करायचं बुडबुड बुडबुड.

एक दिवस काय झालं? पान पिवळं पडलं. पान सुटलं. तरंगत तरंगत वर गेलं.

"अरे! माझं पान!" टिंबी ओरडली.

आणि नेमका आजच तिचा कात टाकायचा दिवस! कोळंबी वाढते ना, तसा तिचा जुना झगा आखूड होतो. मग ती तो काढून टाकते. झगा निघाला की ती होते मऊ मऊ, अगदी लोण्यासारखी. तेव्हा पानाखाली लपावंच लागतं. कारण पेटीत राहायचा ढब्बू मासा. गोल पोट, मोठं तोंड.

"काय टिंबे, झालीस का मऊ?" ढब्बू म्हणाला. "मऊ झालीस की गट्टम!"

"अजून नाही!"

"मग थांबतो."

तेवढ्यात टिंबीचा झगा वाजला. चर्र!

टिंबी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली झाडाकडे.

"झाडोबा झाडोबा, पान माझं गेलं. दुसरं पान दे ना!"

झाड म्हणालं, "नवं पान आहे गं. पण माझी मान वाळूत पुरलीय. पान खालीच अडकलंय. वाळू हटली तर पान देईन. नाही तर नाही!"

टिंबीनं दोन पाय आपटले. टप टप! "काय हा वैताग!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली वाळूकडे.

"वाळूबाई वाळूबाई,
पान माझं गेलं,
झाड पान देईना.
तू हट ना!"

वाळू म्हणाली, "आम्ही इतक्या जणी! कुणाकुणाला उठवू? मिशाळ मासा उकरील तर हटेन. नाही तर नाही!"

टिंबीनं चार पाय आपटले. टप टप टप टप! "काय हा वैताग!"

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. गेली मिशाळ माशाकडे. तो तळाशी लोळत होता.

"मिशाळदादा मिशाळदादा,
पान माझं गेलं,
झाड पान देईना,
वाळू जरा हटेना.
तू उकर ना!"

मिशाळ म्हणाला, "छे छे! परवा उकरली वाळू. झाड सुटलं आणि वर तरंगलं. बोलणी कुणी खाल्ली? मी! झाड बांधायला दोरा आला तर उकरीन. नाही तर नाही!"

टिंबीनं सहा पाय आपटले. टप टप टप, टप टप टप! "काय हा वैताग!"

"झालीस का मऊ?" मागून ढब्बू.

"अजून नाही! आणि विचारू नकोस सारखं सारखं!"

"मग थांबतो."

चर्र, चर्र! झगा दोनदा वाजला.

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. टिंबी काचेशी गेली. काचेपलीकडे होतं रीळ. रिळावर होता पांढरा दोरा. टिंबीनं काच वाजवली. टक टक!

"दोरेदादा दोरेदादा,
पान माझं गेलं,
झाड पान देईना,
वाळू जरा हटेना,
मिशाळ वाळू उकरेना.
तू पाण्यात ये ना!"

दोरा म्हणाला, "मी कसा येऊ? रिळाला गुंडाळलाय मला. कात्री कापेल तर येईन. नाही तर नाही!"

टिंबीनं आठ पाय आपटले. टप टप टप टप, टप टप टप टप! "काय हा वैताग!"

रिळाशेजारी लोळत होती कात्री. तोंड उघडं, काम काही नाही. टक टक!

"कात्रीताई कात्रीताई,
पान माझं गेलं,
झाड पान देईना,
वाळू जरा हटेना,
मिशाळ वाळू उकरेना,
दोरा पाण्यात येईना.
तू दोरा काप ना!"

कात्री म्हणाली, "मी आपली आपण चालते होय? दामूकाकांनी उचललं तर कापीन. नाही तर नाही!"

टिंबीनं दहाच्या दहा पाय आपटले. टपटपटपटपटप, टपटपटपटपटप! "काय हा वैताग! एक जण ऐकेल तर शपथ!"

आता राहिले दामूकाका. टक टक! टक टक टक!

"दामूकाका दामूकाका,
पान माझं गेलं,
झाड पान देईना,
वाळू जरा हटेना,
मिशाळ वाळू उकरेना,
दोरा पाण्यात येईना,
कात्री दोरा कापेना.
तुम्ही कात्री उचला ना!"

पण काका होते आपल्याच नादात. त्यांनी कापडाची घडी उचलली. नाही. खिसा उलटा केला. नाही. बटणांचा डबा हलवला. खुळ खुळ खुळ. तिथंही नाही.

"माझा चष्मा कुठं गेला?" काका म्हणाले. "काल चष्म्याविना कापड कापलं, तर सदऱ्याला एकच बाही उरली! चष्मा सापडला तर कात्री उचलीन. नाही तर नाही!"

आणि चष्मा कुठं होता? सांगा बघू?

काकांच्या कपाळावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

टिंबीला आपटायला आता पाय उरले नाहीत. मिशा उरल्या होत्या, त्याच तिनं आपटल्या. आणि ओरडली, अश्शी ओरडली, की पाण्यातले बुडबुडेसुद्धा गप्प झाले.

"अहो काकाऽऽऽ! कपाळावर हात लावा की होऽऽऽ!"

"कोण बोललं?" काका म्हणाले. "कोण एवढंसं?" आणि ते पेटीत बघायला वाकले. खाली, आणखी खाली. चष्मा घसरला. सर्रर्र! बसला थेट नाकावर.

"अरेच्चा!" काका म्हणाले. "चष्मा इथंच! आणि ही टिंबी! आणि हे झाड असं का झालं?"

दारात काकू काजं करत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कसं होणार नाही? झाड देताना मासेवालीनं बजावलं होतं ना? या झाडाची मान पुरायची नाही, दगडाला बांधायचं. तुम्ही गाडलंत गळ्यापर्यंत, कांद्याचं रोप लावावं तसं!"

काकांनी जीभ चावली. "चुकलंच गं माझं."

मग काय!

काकांनी कात्री उचलली.
कात्रीनं दोरा कापला. कच्च!
दोरा पाण्यात आला. डुबुक!
मिशाळनं वाळू उकरली. फुर्र फुर्र!
वाळू हटली. सर सर सर!
झाडाची मान सुटली. हुश्श!

झाड निघालं वर तरंगायला. काकांनी धरलं, दगडावर बसवलं. दोऱ्याचा एक वेढा, दोन वेढे आणि गाठ. आणि झाडानं नवं पान उलगडलं. हळू, हळू, हळू. हिरवंगार!

"झालीस का मऊ?" ढब्बू आलाच.

चर्र! चर्र! चर्र! झगा फाटला.

टिंबी सुळ्ळकन बाहेर. टिंबी सुळ्ळकन पानाखाली.

ढब्बूनं तोंड उघडलं. गट्टम! तोंडात काय आलं? रिकामा झगा!

"थू थू थू!" ढब्बू म्हणाला. "हे तर नुसतं टरफल!"

टिंबी पानाखाली बसली. मऊ मऊ, गुपचूप. राग अजून गेला नव्हता बरं का. "एवढ्याशा पानासाठी," ती पुटपुटली, "केवढा हा वैताग!"

दोन दिवस गेले. टिंबी बाहेर आली. नवा झगा, टणक झगा. आता ती झाली होती पोह्याएवढी.

"काय टिंबे, आहेस का मऊ?" ढब्बूनं विचारलं, पण जरा लांबूनच.

"ये की," टिंबी म्हणाली. "चावून बघ!"

ढब्बू काही आला नाही.

चष्मा राहिला नाकावर,
झाड राहिलं दगडावर,
टिंबी बसली पानाखाली,
आणि गोष्ट आमची पुरी झाली!