भागोजी, नारळ आणि पाळीत पोहायचा पोशाख

खाडीकाठी एक गाव होतं. त्या गावात भागोजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. तो आळशी नव्हता, भांडखोर नव्हता, विसरभोळा तर मुळीच नव्हता. कुणी काही सांगितलं की भागोजी मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, ध्यानात ठेवतो." आणि तो खरंच ध्यानात ठेवायचा. अडचण इथूनच सुरू व्हायची.

त्याची बायको सुगंधा. खाडीत तिच्यासारखं पोहणारं कुणी नव्हतं, असं अल्याडचे लोक म्हणायचे. पल्याडचे लोक तसं म्हणत नसत, कारण पल्याडच्या गावात कुंदा होती. कुंदा म्हणजे भागोजीची सख्खी बहीण, सुगंधाची नणंद.

नारळी पौर्णिमेला या दोन गावांत एक शर्यत असायची. भर दुपारी भरती पुरी होऊन पाणी जरा थबकलं की खाडीच्या मधोमध होडीतून एक नारळ टाकायचा. पूजेचा नारळ निराळा, हा नुसता भाताचा. दोन्ही काठांवरून एकेक बाई पाण्यात उडी घ्यायची. जिच्या हाती नारळ लागेल तिनं तो आपल्या काठाला न्यायचा, आणि हरलेल्या गावच्या बायकांनी नारळीभात रांधून पलीकडे वाढायला जायचं. नारळ टाकायचं काम भागोजीकडे होतं. एका काठाला बायको, दुसऱ्या काठाला बहीण, त्यामुळे हा कुणाचीच बाजू घेणार नाही, असं दोन्ही गावांनी मिळून ठरवलेलं.

गेल्या वर्षी सुगंधा पाण्यात उतरलीच नव्हती. ऐन त्या दिवशी तिची पाळी आली होती. सर्दी झाली असं सांगून ती काठावर बसून राहिली. कुंदानं नारळ नेला आणि मग वर्षभर, सणाला, बारशाला, बाजारात, जिथं भेटेल तिथं विचारत राहिली, "काय वहिनी, सर्दी बरी आहे ना?"

यंदाही तारीख तशीच येत होती. सुगंधाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गावच्या नर्सबाईंना गाठलं. नर्सबाई म्हणाल्या, "अगं, आता पाळीत पोहायचा पोशाख निघालाय. तालुक्याला शोधलंस तर एखाद्या दुकानात मिळेल."

सुगंधाची भाताची बेणणी, म्हणजे शेतातलं तण काढणं, चालू होती. तिनं भागोजीला पाठवायचं ठरवलं.

"जाल, पण दुकानात लाजून उभे राहाल," ती म्हणाली. "लाजायचं नाही. तोंड उघडून स्पष्ट विचारायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"बरं, ध्यानात ठेवतो," भागोजी म्हणाला.

तालुक्याला उतरल्यावर पहिलं दुकान खताचं होतं. भागोजीनं पायरीवर उभं राहून विचारलं, "पाळीत पोहायचा पोशाख आहे का?" खतवाल्यानं युरियाचं पोतं खाली ठेवलं आणि बराच वेळ काही उचललंच नाही. मग भागोजीनं हलवायाला विचारलं. मग सायकलवाल्याला. मग केस कापता कापता थांबलेल्या न्हाव्याला, आणि न्हाव्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकालाही. शेवटी गल्लीच्या टोकाला रोझीबाईंचं छोटं दुकान लागलं. रोझीबाई जराही दचकल्या नाहीत. त्यांनी बायकोचा बांधा विचारला आणि एक काळा, गुडघ्यापर्यंतचा, अंगालगत बसणारा पोशाख काढून दाखवला.

"साधा पॅड पाण्यात चालत नाही," त्या म्हणाल्या. "तो खाडीचंच पाणी पिऊन फुगतो. हा निराळा. आतलं कापड मऊ. मधले थर रक्त शोषून धरतात. शेवटचा थर आडोसा करतो, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. आधी घरी घालून बघायचा. धुवायचा थंड पाण्यात. गरम पाणी लागलं की आतला थर बिघडतो. कळलं?"

"बाहेरचं पाणी आत येत नाही," भागोजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

परतीला तो उतारूंच्या तरीत, म्हणजे होडीत बसला. होडी इसाकचाचांची. जुनी, आणि तळाशी एके ठिकाणी जराशी गळकी. पाणी बोटभर चढलं की इसाकचाचा डब्यानं उपसायचे. भागोजी त्या भोकाकडे बघत राहिला. मग त्यानं पिशवीतून पोशाख काढला, भोकावर नीट पसरला आणि डबा उचलून खाडीत टाकून दिला.

"अरे, डबा का टाकलास?"

"आता लागणार नाही, चाचा. बाहेरचं पाणी आत येत नाही."

काठ लागेपर्यंत सगळे उतारू ओंजळींनी पाणी उपसत होते. इसाकचाचांनी चिखलानं भरलेला पोशाख दोन बोटांत धरून वर केला. हे काय आहे, हे भागोजीनं सांगितलं, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अरे बाबा," इसाकचाचा म्हणाले, "ही वस्तू अंगावर घट्ट बसली तर काम करणार. तरीला घालून कसं चालेल? अंगात घालायची चीज अंगात घालावी."

"बरं, ध्यानात ठेवतो."

घरी सुगंधा नव्हती, शेतावर होती. भागोजीला रोझीबाईंचं वाक्य आठवलं. आधी घरी घालून बघायचा. इसाकचाचांचंही आठवलं. अंगात घालायची चीज अंगात घालावी. दोन शहाणी माणसं एकच सांगतायत म्हटल्यावर भागोजीनं वेळ घालवला नाही.

सुगंधा संध्याकाळी आली तेव्हा भागोजी ओट्यावर बसला होता. लेंग्यावरून काळा पोशाख चढवलेला, वर बंडी, आणि तो तांब्यानं मांडीवर पाणी ओतून वाकून वाकून बघत होता. शेजारची दोघं-तिघं जण कुंपणापाशी उभी होती.

"सैल आहे का बघतोय," तो म्हणाला. "सैल नाही. श्वास घेता येत नाही."

सुगंधानं त्याला आत ओढलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून हसत बसली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "अहो, घालून बघायचा तो मी. तुम्ही नाही. काढा आता. आणि चिखल कुठला हा? थंड पाण्यानं धुवायला हवा."

"गरम लागलं की आतला थर बिघडतो," भागोजीनं सांगितलं.

"हो. तेवढं बरोबर सांगितलंत."

बायकोनं 'बरोबर' म्हटलेलं भागोजीच्या कानावर फार वेळा पडायचं नाही. म्हणून हे त्यानं विशेष जपून ठेवलं.

दोन दिवसांनी पाळी आली. सुगंधानं पोशाख घालून बघितला, मागच्या ओढ्याच्या डोहात डुंबून आली, बाहेर येऊन दगडावर बसून राहिली. डाग पडला नाही. तरी तिच्या जिवाला चैन नव्हती. पौर्णिमा उद्यावर आलेली. नर्सबाईंना तिनं घरी बोलावलं आणि भागोजीला चहा टाकायला सांगितलं.

भागोजी चुलीपाशी गेला आणि थबकला. नर्सबाई माणूस होत्या. माणसाच्या आत थर असतातच. त्यानं थंड पाण्यात साखर आणि चहाची पूड ढवळली आणि कप पुढे ठेवला.

नर्सबाईंनी एक घोट घेतला. "हे काय आहे?"

"चहा. तुमचा आतला थर बिघडायला नको."

नर्सबाईंनी कप हळूच बाजूला सारला आणि सुगंधाकडे वळल्या. "विचार, काय विचारायचंय."

"भरवसा आहे का याचा?" सुगंधा म्हणाली. "पाण्यात असताना तर रक्त थांबतंच म्हणतात. पण मी बाहेर येईन तेव्हा दोन्ही काठ बघत असतील. त्यात कुंदावन्सं. तेव्हा काही दिसलं तर मी पुन्हा खाडीचं तोंड बघणार नाही."

"थांबत नाही गं," नर्सबाई म्हणाल्या. "पाण्याच्या दाबानं जरा कमी येतं, एवढंच. बाहेर आलीस की पुन्हा चालू. आता भरवशाचं विचारशील, तर रक्त जाणं कमी किंवा बेताचं असेल तर हा पोशाख काही तास नीट सांभाळतो. जास्त जात असेल तर नुसत्या एकावर भरवसा ठेवायचा नाही. जोडीला दुसरं असू द्यायचं. तू पाळीचा कप वापरतेस ना? मग आत कप, वर हा पोशाख. एकानं दगा दिला तर दुसरा आहे. आणि शर्यत झाली की दिवसभर अंगावर ठेवू नकोस. काही तास म्हणजे काही तासच."

सुगंधाचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरात भागोजी ओठ हलवत होता. एकावर भरवसा ठेवायचा नाही. जोडीला दुसरं असू द्यायचं. काही तास म्हणजे काही तासच.

पौर्णिमा उजाडली. दोन्ही काठ माणसांनी भरले. अल्याडच्या काठावर तात्या खोत खुर्ची टाकून बसले होते, निवाडा त्यांचाच. पल्याडच्या काठावरून कुंदानं पत्र्याच्या कर्ण्यातून हाक दिली, "वहिनी, रुमाल घेतलास ना? सर्दी होईल." तिकडचा काठ हसला. सुगंधानं काळ्या पोशाखावर नेहमीचा लांब सदरा चढवला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

पाणी थबकलं. मधोमध होडीत भागोजी उभा होता, एका हातात कर्णा. त्यानं कर्ण्यातून आरोळी दिली, वाकून आपलं नारळाचं काम उरकलं, आणि दोन्ही बायका पाण्यात शिरल्या.

सुगंधा अशी सुटली की काठावरच्यांनी श्वास रोखले. वर्षभराच्या सगळ्या बारशांचा आणि बाजारांचा हिशेब तिच्या हातापायांत उतरला होता. कुंदा अजून बरीच मागे असतानाच तिनं नारळ बगलेत मारला आणि उलटी फिरली. काठ लागला. ती पाण्यातून उठली, पायरीवर चढली, सगळ्यांसमोर ताठ उभी राहिली. एका बाईनं टॉवेल देता देता हळूच तिच्या पाठीमागे पाहिलं आणि मान हलवली. काही नव्हतं. एक ठिपकाही नव्हता. सुगंधानं नारळ डोक्यावर धरला आणि अल्याडचे ढोल वाजू लागले.

तेवढ्यात पल्याडचेही ढोल वाजू लागले.

तिकडच्या पायरीवर कुंदा उभी होती. तिच्याही डोक्यावर नारळ होता.

भागोजी होडी वल्हवत काठाला आला. तात्या खोत खुर्चीतून उठले. "भागोजी, नारळ किती टाकलेस?"

"दोन."

"दोन का?"

"एकावर भरवसा ठेवायचा नाही, तात्या. जोडीला दुसरं असू द्यायचं. एकानं दगा दिला तर?"

तात्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "नारळ काय दगा देणार?" ते म्हणाले. शेवटी त्यांनी ठरवलं, शर्यत पुन्हा घ्यायची. पल्याडहून कुणीतरी ओरडलं की बायका दमल्या आहेत, तासभर विसावा द्या. तात्या म्हणाले, देऊ.

भागोजीला हे पटेना. तो घाबरला. मग त्याला सुगंधाचा शब्द आठवला. लाजायचं नाही. तोंड उघडून स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि पल्याडचे लोक लांब होते. त्यानं कर्णा तोंडाला लावला.

"विसावा नको. सुगंधाची पाळी आहे. पाळीत पोहायचा पोशाख घातलाय. तो काही तासच चालतो."

दोन्ही काठांचे ढोल एकदम गप्प झाले.

सुगंधा लालबुंद होऊन त्याच्याजवळ आली आणि दातांतून म्हणाली, "आता तोंड उघडायचं नाही. कुणी काही विचारलं तरी नाही. मी विचारलं तरी नाही."

"बरं, ध्याना..." भागोजीनं वाक्यही पुरं केलं नाही. तोंड मिटलं.

मग पल्याडचा कर्णा बोलला. कुंदाचा आवाज होता, पण त्यात टोमणा नव्हता. "वहिनी, गेल्या वर्षी ती सर्दी नव्हती तर. अगं, बोलायचंस की. मी यंदा गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकललीये, आणि सकाळपासून डोकं गरगरतंय." मग ती म्हणाली, "पुन्हा शर्यत कशाला? नारळ तुझाच. मी पाठ बघत होते ना तुझी. आत्ता होडीत बसून नारळ घेऊन येते, भातही मी रांधते. फक्त तो पोशाख कुठल्या दुकानात मिळतो, तेवढं सांग."

दोन्ही काठांवरच्या बायका एक पाऊल पुढे सरकल्या. दुकान सुगंधाला ठाऊक नव्हतं. ते एकट्या भागोजीला ठाऊक होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

भागोजीनं ओठ घट्ट मिटले.

"सांगा ना," सुगंधा म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"अहो, मी विचारतेय."

भागोजीनं तिच्याकडे बोट दाखवलं, मग आपल्या ओठांकडे, आणि पुन्हा मान हलवली. तू विचारलंस तरी नाही.

पल्याडला वाट बघून बघून कुंदाला राग आला. "एवढंही सांगवत नसेल तर राहू दे. नारळ माझ्याकडेच बरा." ती दुसऱ्यांदा पाण्यात उतरायलाही तयार होईना. पाणी उतरू लागलं होतं. तात्यांनी निवाडा केला. दोन नारळ, दोन विजय, त्यामुळे दोन्ही गावांनी भात रांधायचा आणि दोन्ही गावांनी खायचा.

पल्याडच्या देवळापुढे पंगत बसली. सुगंधा आणि कुंदा शेजारी शेजारी बसून खालच्या आवाजात बोलत होत्या. कप, थर, थंड पाणी, जास्त जायचे दिवस, सगळं निघालं. उद्या दोघींनी तालुक्याला जाऊन दुकानं पालथी घालायचं ठरलं. "तोंड उघडून विचारू," सुगंधा म्हणाली, आणि दोघी पदरात तोंड लपवून हसल्या.

कुंदा उठून भागोजीला वाढायला गेली. त्याच्या पानात सुरुवातीला वाढलेला नारळीभात तसाच होता. वर तूप थिजलेलं. भागोजी त्याकडे एकटक बघत होता. त्याच्या पोटाचा आवाज पंगतीला ऐकू येत होता.

"दादा, जेवत का नाहीस? भात आवडला नाही?"

भागोजीनं बहिणीकडे दीनवाणं पाहिलं, सुगंधाकडे बोट दाखवलं, मग आपल्या घट्ट मिटलेल्या तोंडाकडे, आणि हात जोडून पानावरून उठला.