पान पडेपर्यंत

एका जंगलात बांबूच्या बनात एक म्हातारी कासवीण राहत असे, आणि मुलांनो, एवढ्या वयात ती रोज शाळेत जात असे. त्या जंगलाची रीतच तशी होती. शाळा दोन, एक टेकडीवर आणि एक खाली तळ्याकाठी. ज्याला शिकायचे त्याने यावे, वय कुणी विचारायचे नाही. तळ्याकाठी सुगरण विणकाम शिकवी. कासवीण तोंडात गवताची काडी धरून विणायला बसे. वीण वाकडी होई, सुटून जाई, पुन्हा घालावी लागे; पण त्या वाकड्या विणीत तिला मोठे सुख होते.

दोन्ही शाळांचा कारभार पंचमंडळ पाहत असे. हत्ती अध्यक्ष, कोल्हा चिटणीस आणि बगळा सभासद. टेकडीच्या उतारावर मोहाच्या झाडाखाली त्यांची सभा भरे. फार पूर्वी एकदा तिथे कावळा बोलायला उभा राहिला होता. तो दिवसभर बोलतच राहिला आणि ऐकणारे उपाशी घरी गेले. तेव्हापासून कोल्ह्याने नियम केला. कुणी बोलायला उभे राहिले की झाडावरच्या माकडाने एक वाळलेले पान सोडायचे. पान जमिनीला टेकेपर्यंत बोला, मग गप्प बसा.

त्या वर्षी सभेत बातमी फुटली, की तळ्याकाठची शाळा बंद होणार. कोल्हा म्हणाला, "तिथे येतंय कोण? बांबूच्या बनातल्यांना शिकायची हौसच नाही. एक कासवीण तेवढी येते, तिच्यासाठी काय शाळा चालवायची?"

कासविणीचा जीव कासावीस झाला. टेकडी चढून रोज वरच्या शाळेत जाणे तिच्या पायांना जमणारे नव्हते. आणि बनातले का येत नाहीत, ते तिला ठाऊक होते. शाळेच्या वाटेवर वाऱ्याने एक जुनी बाभूळ आडवी झाली होती. सशाची, साळिंदराची, रानडुकराची पिल्ले काट्यांपाशी येत, पाय टोचून घेत आणि मागे फिरत. कासविणीच्या पाठीला कवच, म्हणून ती तेवढी खालून सरपटत पलीकडे जाई. कवचावर ओरखडे उठले होते. पण हे हत्तीसमोर सांगायचा धीर बनात कुणाला होत नव्हता.

कासवीण मात्र सभेत उभी राहिली. माकडाने पान सोडले.

"सन्माननीय गजराज, कोल्हेपंत, बगळेराव, आणि जमलेल्या समस्त मंडळींना माझा नमस्कार. घरची सगळी खुशाल आहेत ना? तर माझं म्हणणं असं की..."

"पान पडलं!" माकड ओरडले. सभा हसली.

पुढच्या सभेतही तसेच झाले. परतताना साळिंदर म्हणाले, "अहो आजी, तो नमस्कार घरी ठेवून येत चला की! सरळ मुद्द्याला हात घाला."

"वा रे वा," कासवीण म्हणाली. "चार मोठी माणसं बसलेली असताना नमस्कार न करता तोंड उघडायचं? मी काय कावळा आहे?"

शेवटी निकालाची सभा आली. आज मत दिले की शाळा बंद. कासवीण आदल्या दिवशीच निघाली होती, तरी सगळ्यांत शेवटी पोचली. ती उभी राहिली, पान सुटले. "सन्माननीय गजराज, कोल्हेपंत, बगळेराव..." म्हणत तिने नमस्कार पुरा केला, खुशाली विचारली, आणि डोळे मिटून माकडाच्या ओरडण्याची वाट पाहिली. माकड ओरडले नाही. तिने एक डोळा उघडला. मोहाच्या दोन फांद्यांमध्ये कोळिणीने नवे जाळे विणले होते. पान त्यात अडकून गरगर फिरत होते.

कोल्हा उठला. "अध्यक्ष महाराज, ते पान खाली पाडतो."

"बसा, कोल्हेपंत," हत्ती म्हणाला. "नियम तुमचाच ना? पान जमिनीला टेकलंय का?"

"टेकलं नाही, पण..."

"मग बसा. बोला आजी."

आता कासवीणच गोंधळली. नमस्काराच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. मग ती म्हणाली, "वाटेवर बाभूळ पडलीय. पोरांना येता येत नाही."

"बाभूळ?" हत्तीने कान ताठ केले. "मी रोज जातो त्या वाटेनं. मला कशी दिसली नाही?"

"तुम्ही पाय उचलून पलीकडे टाकता, गजराज. बगळेराव वरून जातात. माकडदादा उडी मारतात. तुम्हा कुणाला ती आडवी येतच नाही. येते ती आमच्या पोरांना."

कुणी हसले नाही. हत्तीने कासविणीच्या पाठीवरचे ओरखडे पाहिले. "आजी, वाट दाखवा," तो म्हणाला, आणि सारी सभा उतारावरून तिच्या मागे निघाली. तिच्या चालीने! कोल्हा सारखा सुस्कारे टाकत होता. बाभळीपाशी आल्यावर हत्ती गुडघ्यांवर बसला आणि त्याने कासविणीच्या उंचीवरून पाहिले. समोर वाट नव्हतीच, होती ती काट्यांची भिंत. त्याने सोंड घातली, बाभूळ उचलली आणि दूर भिरकावून दिली.

थोड्याच दिवसांत तळ्याकाठी इतकी गर्दी झाली, की सुगरणीला गवत पुरेना. शाळा बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या सभेत माकडाने पान हातात घेतले, तेव्हा हत्तीने आधी वर पाहून विचारले, "कोळीणबाई, जाळं जागेवर आहे ना?"

कासवीण उभी राहिली. "सन्माननीय गजराज, कोल्हेपंत, बगळेराव, समस्त मंडळींना माझा नमस्कार."

"नमस्कार, आजी!" सगळी सभा एका आवाजात म्हणाली. "घरी सगळी खुशाल आहेत. सांगा, तुमचं म्हणणं काय?"

तात्पर्य : ज्याचा पाय सहज पलीकडे पडतो, त्याला वाटेतला अडथळा दिसत नाही, म्हणून कारभार करणाऱ्याने सावकाश बोलणाऱ्याचेही बोलणे संपेपर्यंत ऐकावे.