नव्या भाषेत नसलेला शब्द

एकदा एका वृद्ध वैयाकरणाकडे शिकणाऱ्या विश्वंभर नावाच्या शिष्याने स्वतःची नवी भाषा रचली. तिची रचना निर्दोष होती. ‘तुव’ हा येण्याचा धातू. त्याला ‘आ’ लावला की ‘तुवा’, म्हणजे येत आहे. ‘ई’ लावला की ‘तुवी’, म्हणजे या. मात्र भय, संकट, आकांत यांसाठी त्याने एकही धातू ठेवला नव्हता. लहानपणी पटकीच्या साथीत नुसत्या नावाने हातपाय गाळलेली माणसे त्याने पाहिली होती. शब्दच नसेल तर भीती राहील कुठे, असे त्याला वाटे.

गुरूंनी ती भाषा मन लावून शिकून घेतली आणि सात दिवस आश्रमात तीच बोलायची असे ठरवले.

चौथ्या दिवशी सकाळी गुरू नदीपात्रातल्या खडकावर बसून अर्घ्य देत होते. पाणी ज्या बाजूने येई तिकडे त्यांची पाठ होती. काठावरच्या विश्वंभरला दूरच्या वळणावर मातकट लोंढा दिसला. त्यात उन्मळलेली झाडे गरगरत होती.

“सिलू तुवा,” तो ओरडला. पाणी येत आहे. गुरूंनी प्रसन्नपणे मान डोलावली.

“तुवी!” या. अर्घ्य आटोपले की येतो, असे गुरूंनी त्याच भाषेत शांतपणे कळवले.

विश्वंभर पाण्याच्या कडेपर्यंत धावला. मायबोलीतला शब्दही त्याला सुचेना. त्याच्या गळ्यातून एक चिरकी, ओबडधोबड आरोळी फुटली, “ह्रा!”

ती ऐकताच गुरू ताडकन उठले. दगडांवर ठेचकाळत, शेवटी रांगत ते काठावर आले. मागे वळून पाहतात तो खडक दिसेनासा झाला होता.

मग विश्वंभरने मायबोलीत विचारले, “माझे आधीचे शब्द आपल्याला कळले नाहीत का?”

“सगळे कळले. रूपेही शुद्ध होती,” गुरू म्हणाले. “पण नदीला पाणी रोजच येते, आणि तूही मला रोज बोलावतोस. आज मी मरणार आहे, हे सांगायला तुझ्या भाषेत जागाच नव्हती. भीती तुझ्या पोटात होतीच, बाळा. तिची वाट तेवढी तू बुजवली होतीस.”

विश्वंभरने आपल्या भाषेची पोथी उघडली आणि त्या आरोळीला कोणता प्रत्यय लावावा, असे विचारले.

“कोणताच नको,” गुरू म्हणाले. “घाबरलेल्या माणसाला प्रत्यय आठवत नाही.”

विश्वंभरने तो आवाज होता तसाच लिहून ठेवला.