पुस्तकातल्या मुलाचं नाव

“पण मग वाचणारे रडत का नाहीत?”

क्लेमेन्सीने आपल्या कादंबरीचे कागद टेबलावर जवळजवळ आपटलेच. मांडीवरचं मूल चाळवलं, पुन्हा झोपलं.

समोर मिसेस बार्डस्ली लिहीत होत्या. यॉर्कशायरच्या उघड्या माळावरच्या दगडी घरात एकट्याच राहायच्या. पुस्तकांवर नाव एका पुरुषाचं. पण त्यांच्या कादंबरीतला लहानगा गेला, तेव्हा सारं इंग्लंड रडलं होतं.

क्लेमेन्सीला तसंच रडवायचं होतं. तिच्याही कादंबरीत एक मूल मरत होतं.

“भाषा निर्दोष आहे, बाई. लॅटिनसुद्धा घातलंय.”

“लॅटिनने शाळेतली पोरं तेवढी रडतात.”

क्लेमेन्सीचे कान लाल झाले.

“मूल गेल्यावर आई काय करते?” मिसेस बार्डस्लींनी विचारलं.

“आक्रोश. चार पानं.”

“म्हणजे सगळं तीच रडून घेते. वाचणाऱ्याला काय उरलं?”

“तुमच्या पुस्तकातली आई तर नुसती पाळणा हलवत बसते. तेवढं मलाही जमलं असतं.”

लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं सोपंच वाटतं.

मिसेस बार्डस्लींची लेखणी थांबली. खोलीत शांतता झाली... आणि तेव्हा ऐकू आलं. कुठेतरी लाकूड करकरत होतं. एका लयीत.

क्लेमेन्सीने टेबलाखाली वाकून पाहिलं. जमिनीवर डुलणारा लाकडी पाळणा होता. त्याच्या कडेवर बाईंचा पाय. आत उशी, पांघरूण... मूल नव्हतं.

“रिकामा पाळणा हलवू नये, बाई. माझी आई म्हणायची.”

“माझीही.”

पाय थांबला नाही.

“तुझ्या पुस्तकातल्या मुलाचं नाव काय?”

“एडविन.”

“आणि याचं?”

क्लेमेन्सीने मांडीवरच्या मुलाला छातीशी धरलं. “...जास्पर.”

“मग तेच का नाही ठेवलंस?”

“काहीतरीच काय! हात तरी धजेल का?”

मिसेस बार्डस्लींनी कागद तिच्यापुढे सरकवले. लेखणी दौतीत बुडवून तिच्या हातात दिली.

“एडविन खोड. जास्पर लिही. वाचणारे रडतील.”

टोकाशी शाईचा थेंब फुगत होता.

“तुम्ही... तुम्ही असंच केलंत?”

“हो.”

“तुमचा मुलगा गेल्यानंतर ना?”

करकर... करकर...

“आधी.”

थेंब कागदावर पडला.

क्लेमेन्सीने लेखणी खाली ठेवली. जास्परच्या नाकाशी बोट धरलं. श्वास गरम होता. तरी पुन्हा धरून पाहिलं.

मग त्याला शालीत गुंडाळून ती दारापर्यंत गेली. कागद तिथेच राहिले.

“माझं पुस्तक मेलंच म्हणायचं, बाई.”

“मरू दे.”

तिने कडीला हात घातला.

“हळू लाव, पोरी. दार वाजलं की दचकतो तो.”