उलटं पडलेलं कासव

फार मागे, सागाच्या एका रानात म्हातारी घोरपड न्याय करायची. तरसाने बिळं बुजवून आपली पिल्लं मारली, अशी सशाची तक्रार होती. साक्षी देण्याची मुदत अमावस्येला संपली.

निकालाच्या सकाळी दाट धुकं होतं. एकही पाखरू बोलत नव्हतं. तेवढ्यात कासव आलं.

"मी पाहिलंय," ते म्हणालं.

"मुदत संपली," तरस म्हणाला.

"मला कुणीतरी उलटं करून टाकलं होतं. सरळ व्हायला नऊ दिवस गेले."

घोरपडीने त्याच्या पाठीवरची वाळलेली माती निरखून पाहिली. "साक्ष घेऊ. तरसा, उत्तर द्यायला तुलाही नऊ दिवस मिळतील."

कासव बोलू लागलं, तशी धुक्यात पावलं वाजू लागली. उशीर झाला म्हणून वाटेतच थांबलेले सगळे साक्षीदार येत होते.