कठड्यावरचे वळ

सराटेवाडीच्या बारवेवर पहारा बसला आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं. अगदी खरोखरचं!

झालं असं, की भुजंगराव राजे आपल्या साडूच्या राज्यात पाहुणचार घेऊन आले. तिथे मनोरे काय, वेशी काय, कोरीव खांब काय! साडूभाऊ हात धरधरून एकेक दाखवत होते आणि राजांच्या पोटात दुखत होतं. परत आल्या आल्या त्यांनी दिवाणजींना विचारलं, "आपल्या मुलखात बघण्यासारखं काय आहे?"

"ऊन आहे, महाराज. फुफाटा आहे. सराटेही चांगले टपोरे होतात."

"जुनं काय आहे ते सांगा!"

"जुनी म्हणाल तर सराटेवाडीची बारव. पण तिचा कठडा बायांनी दोर घासून घासून पार झिजवलाय."

संपलं! दुसऱ्याच दिवशी बारव 'प्रेक्षणीय' झाली. बघायची, पण पाणी भरायचं नाही. झिजलेल्या कठड्यावर तांबडा गालिचा अंथरला, पायऱ्यांवर भालेवाले उभे राहिले. बाया कोसभर लांब ओढ्याची वाळू उकरून वाटी-वाटीनं घागर भरू लागल्या. पाण्याच्या काठावर तहानलेलं गाव, खरं तर तेच बघण्यासारखं होतं. पण ते कोण दाखवणार?

बिरा मेंढक्याची लेक म्हाकू तेवढी गप्प बसेना. तिच्या तोंडी लागायला गावचा पाटीलसुद्धा दबकायचा. ती तडक दरबारात गेली.

"म्हाराज, बारव मोकळी करा. कोकरं मराया लागली."

"मोकळी करू? तुमच्या दोरांनी माझा दगड खाल्ला! आता साडूभाऊ येणार, त्यांना काय ते वळ दाखवू?"

"मग बघण्याजोगं दुसरं कायतरी दाखवलं तर?"

राजांनी दिवाणजींना डोळा घातला. "दाखव की! पण ते बारवेइतकं जुनं हवं. आणि त्याचं बांधकाम माझ्या डोळ्यांदेखत चालू हवं! गवंड्याचा हात लागता कामा नये. साडूभाऊंच्या राज्यात तसलं काही नसावं, आणि बघून त्यांच्या तोंडून वाहवा निघाली पाहिजे. निघाली, तर बारव तुमची. नाही निघाली, तर गाव उठवीन! नाहीतरी बारवेसमोर त्या झोपड्या शोभत नाहीत."

दरबार खिदळला. जुनंही हवं आणि बांधकामही चालू हवं!

"तशी आपली धर्मशाळा आहे, महाराज," दिवाणजी पुटपुटले. "आपल्या आजोबांपासून बांधकाम चालूच आहे."

"तुम्ही गप्प बसा!"

म्हाकूनं पदर खोचला. "कबूल! फकस्त पाव्हण्यास्नी भर दुपारचं आणा."

घरी बिरानं डोक्याला हात लावला. "पोरी, सारं गाव पणाला लावलंस गं!" म्हाकूलाही भीती वाटत होतीच. पण कोकरांचं ओरडणं ऐकून बसणं तिला त्याहून जड जात होतं.

ठरल्याप्रमाणे साडूभाऊ भर दुपारी आले. भाटानं बारवेचं गुणगान सुरू केलं, ते काही संपेना. खाली पाणी चमकत होतं, वर पाहुण्यांच्या घशाला कोरड पडली होती.

"जरा पाणी मिळेल का हो?"

"बघायला मिळेल, सरकार!" पहारेकरी ठणकावून म्हणाला.

राजांचा चेहरा पडला. दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी द्यायचं ही त्या मुलखाची रीत, आणि इथे खुद्द साडू तहानलेला! "अरे, कुणीतरी पाणी आणा!"

आणणार कुठून? बारवेवर ना दोर ना पोहरा, आणि गावात घागरी उपड्या पडल्या होत्या. तेवढ्यात दोर आणि पोहरा घेऊन म्हाकू पुढे झाली.

"हुकूम असंल तर शेंदते."

"शेंद बाई, शेंद!"

म्हाकूनं गालिचा सर्रकन ओढून काढला. खाली काळ्या दगडात खोल, गुळगुळीत खाचा होत्या. एका खाचेत दोर अलगद बसला आणि पोहरा भरून वर आला. साडूभाऊ ओंजळीनं गटागटा प्याले. मग त्यांची नजर कठड्यावर गेली. त्यांनी खाचेत बोट घातलं, ते अख्खं आत बसलं.

"हे कुणी कोरलं?"

"माज्या आज्जीनं, तिच्या आज्जीनं, त्यांच्या मागल्या समद्या बायांनी. छिन्नी न्हाई, गवंडी न्हाई. निसता अंबाडीचा दोर!"

"दोरानं काळा दगड कापला? वाहवा! आमच्या बारवांना कुलपं आहेत. तिथे असली एक खाच सापडायची नाही!"

राजांची छाती फुगली. तरी ते हट्ट सोडतात होय! "जुनं आहे खरं. पण बांधकाम कुठे चालू आहे?"

म्हाकूनं पोहरा पुन्हा सोडला. दोर खाचेतून सरसरत गेला.

"ह्ये काय, चालूच हाय की! घागरीमागं कणभर खोल जातंय. मधी तेवढं काम बंद पडलं हुतं. कुणी पाडलं, ते दिवाणजीस्नी इचारा!"

साडूभाऊ खो खो हसत सुटले. मग राजेही पगडी सावरत पोट धरून हसले. "जिंकलीस! बारव तुमची. पहारा आत्ताच हटवतो."

"हटवू नगा, म्हाराज! त्यांच्या हाती दोर द्या. एवढं मोठं बांधकाम, मजूर नगंत व्हय?"

राजांनी हसता हसता हातातलं सोन्याचं कडं काढून म्हाकूला दिलं, वर तो तांबडा गालिचाही देऊन टाकला. भालेवाले घाम पुसत पाणी शेंदू लागले, आणि पोटभर पाणी प्यालेली कोकरं राजांच्या गालिच्यावर ताणून झोपली.